मानसिक आजारी माणूस आरोपी झाला तर : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी तपासणी आणि उपचारांचे मार्गदर्शन

घरातल्या आजारी माणसाच्या हातून गुन्हा घडला, की पहिल्या दोन-तीन दिवसांत कुटुंबाने जे केले किंवा करायचे राहून गेले, त्याचा परिणाम पुढे कित्येक वर्षे टिकतो. त्या दिवसांत घरचे हादरलेले असतात. बहुधा जखमी झालेला किंवा दगावलेला माणूसही त्याच घरातला असतो, आणि फिर्यादी, साक्षीदार व उद्याचा जामीनदार एकाच छपराखाली असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील मराठी कुटुंबांना वकील म्हणून मदत करताना मला दोन गोष्टींचे मोल सर्वांत जास्त वाटत आले आहे. एक म्हणजे आजाराची नोंद पहिल्या दिवसापासून कागदावर यावी, आणि दुसरी म्हणजे औषधाचा डोस तुटू नये.

पहिले शब्द

खानापूर तालुक्यातल्या एका आईने ठाण्यात सांगितले होते, "साहेब, त्याचं डोकं फिरलं होतं." आपल्या बोलीत याचा अर्थ तो भ्रमिष्ट झाला होता असाही होतो आणि तो संतापला होता असाही होतो. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली गेली आणि तिथे शब्द आला "सिट्टिनिंद", म्हणजे रागाने. आईने अंगठा दिला. पुढे जवळजवळ दोन वर्षे सरकारी पक्ष त्याच एका शब्दावर बोट ठेवत राहिला आणि उलटतपासणीत त्या माउलीला स्वतःचेच वाक्य परत परत समजावून सांगावे लागले.

म्हणून ठाण्यात आजाराचे नाव घेण्यापेक्षा वागणे सांगावे. "तो तीन रात्री झोपला नव्हता, भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी उत्तरे देत होता, जेवणात विष कालवले आहे म्हणून ताट सारत होता, गोळ्या गेल्या महिन्यापासून बंद होत्या" असे सांगितले की भाषांतरात फारसे काही निसटत नाही. अंगात येणे, बाहेरची बाधा, करणी हे शब्दही कुटुंबाच्या मनात असतात. ते लपवू नयेत, पण त्या वेळी माणूस नेमके काय करत आणि काय बोलत होता हे त्यांच्यासोबत सांगावे. फिर्याद कन्नडमध्ये असेल तर दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून ती मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते, ती त्याच दिवशी घ्यावी.

हिंसा सुरू असताना ११२ क्रमांकावर फोन केला, तर माणूस मानसिक रुग्ण आहे, त्याच्या हातात अमुक वस्तू आहे आणि तो अमुक औषध घेतो, हे तिथेच सांगावे. अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी सरकारी डॉक्टरांकडून होते. ही तपासणी बहुधा अंगावरच्या जखमांपुरतीच घाईत उरकते. त्या वेळी नातेवाइकाने दवाखान्यात हजर राहून जुनी चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्यावी आणि तिचा उल्लेख तपासणीच्या कागदावर करावा अशी विनंती करावी. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. तिथेही वकिलाने आजाराविषयी लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेले नोंदीत येईलच असे धरून चालू नये. वकील करण्याची ऐपत नसेल तर अडून राहू नये, कारण कोठडीतल्या माणसाला त्याचे उत्पन्न न पाहता जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आरोपी रोज दारू पिणारा असेल, तर हे आवर्जून सांगावे. शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांत अशा माणसाला हातपाय थरथरणे, दरदरून घाम, अंगावर किडे चालल्याचे भास आणि दिवस-जागेचे भान सुटणे असा जीवघेणा त्रास होऊ शकतो. कोठडीत नेमके हेच दिवस जातात आणि बघणाऱ्याला तो सोंग करतो आहे असे वाटते. ही तातडीने रुग्णालयात न्यायची अवस्था आहे, तिथे थायमिनचे (ब-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन आणि योग्य औषधे मिळाली तर जीव वाचतो.

पिशवीतले पुरावे

आपल्या भागातली माणसे उपचारासाठी एका राज्यात राहत नाहीत. निपाणीचे लोक कोल्हापूरला जातात, अथणी-कागवाडकडचे मिरजेला, आणि खानापूरकडचे कित्येक जण गोव्यात बांबोळीला. त्यामुळे एकाच रुग्णाचे कागद तीन राज्यांत विखुरलेले असतात आणि त्यांतले निम्मे हरवलेले असतात. महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी बेळगावच्या न्यायालयात चालणार नाही, हा समज चुकीचा आहे. जुने उपचार कुठेही झालेले असोत, ते पुरावा म्हणून मांडता येतात आणि गरज पडल्यास त्या डॉक्टरांना साक्षीला बोलावता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क आहे, त्यामुळे हरवलेल्या केस पेपरसाठी त्या रुग्णालयात लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

एका घरून माझ्याकडे वाणसामानाची एक पिशवी आली होती. तिच्यात घामाने पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, मेडिकल दुकानाची बिले आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे होती. आम्ही ती जमिनीवर तारखेप्रमाणे मांडली. शेवटच्या पाकिटात चौदापैकी अकरा गोळ्या शिल्लक होत्या आणि बिल घटनेच्या सहा आठवडे आधीचे होते. औषध केव्हा थांबले हे त्या न संपलेल्या पाकिटाने जितके स्पष्ट सांगितले, तितके घरातल्या कुणालाही सांगता आले नसते. म्हणून उरलेल्या गोळ्या फेकू नयेत, पाकीट फाडू नये, आणि कशाचीही तारीख नंतर आठवून लिहू नये. एक जरी खोटी चिठ्ठी जोडली, तर खऱ्या वीस चिठ्ठ्यांवरचा विश्वास उडतो.

डॉक्टर आणि न्यायालय नेमके काय तपासतात

कुटुंबाला वाटते की "हा वेडा आहे" एवढे एकदा सिद्ध झाले की प्रश्न संपला. प्रत्यक्षात चार वेगळे प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळले की सगळीच गफलत होते. माणसाला मानसिक आजार आहे का, हा पहिला. आज तो खटला समजून घेऊन स्वतःचा बचाव करू शकतो का, हा दुसरा. कृत्य करताना त्याची मनःस्थिती काय होती, हा तिसरा. आणि त्याला कुठे ठेवले तर त्याच्यावर उपचार होतील व इतरांना धोका राहणार नाही, हा चौथा. स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्ण आज खटल्याला पूर्ण योग्य असू शकतो, आणि आज न्यायालयात भरकटलेला माणूस गुन्ह्याच्या दिवशी शुद्धीवर असू शकतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ३६७ आणि ३६८ ही कलमे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेआधी हेच विषय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२८ व ३२९ या कलमांत होते, त्यामुळे जुन्या खटल्यांत ते आकडे दिसतील. आरोपी बचाव करण्यास असमर्थ आहे असे दंडाधिकाऱ्यांना वाटले, तर ते जिल्हा शल्यचिकित्सक किंवा नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करवतात, आणि तिथे आजार आढळला तर सरकारी रुग्णालयातील किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञ अथवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. त्या निष्कर्षाने आरोपीचे समाधान झाले नाही, तर त्याला वैद्यकीय मंडळापुढे अपील करता येते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जिल्हा रुग्णालय आहे. अधिक काळ निरीक्षण लागणार असेल तर धारवाडची डिमहान्स आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात बंगळुरूची निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्था आहेत. "धारवाडला न्यायला पाहिजे" हे आपल्याकडे टोमणा म्हणून बोलले जाते आणि त्याच टोमण्याच्या भीतीने काही घरे निरीक्षणासाठी दाखल करायला विरोध करतात. तसे करू नये. दहा मिनिटांच्या बाह्यरुग्ण तपासणीपेक्षा वॉर्डातल्या काही दिवसांच्या नोंदी, म्हणजे झोप, जेवण, एकटा असतानाचे वागणे, परिचारिकेशी झालेले बोलणे, कितीतरी अधिक सांगतात, आणि सोंग व खरा आजार यांतला फरकही तिथेच उघड होतो. सोंग करणारा माणूस बघणारे नसताना बहुधा थकतो. आजारी माणसाचे भास मात्र बघणाऱ्यांवर अवलंबून नसतात.

तपासणी मराठीत व्हावी असा अर्ज करावा, किंवा निदान दुभाष्या मागावा, आणि तो दुभाष्या घरचा नसावा. हा भाषेच्या अभिमानाचा मुद्दा नाही, तपासणी अचूक होण्याचा आहे. विचारांची अमूर्त पातळी पाहण्यासाठी डॉक्टर कधी कधी म्हणीचा अर्थ विचारतात. "नाचता येईना अंगण वाकडे" याचा अर्थ आपला माणूस सहज सांगेल. त्याच अर्थाची "कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते" ही कन्नड म्हण विचारली, तर बाजारापुरते कन्नड येणारा धडधाकट माणूसही "जमीन वाकडी आहे" एवढेच सांगून थांबेल, आणि नोंद होईल की विचार शब्दशः पातळीवर अडकले आहेत.

खटल्याची योग्यता तपासताना साधे प्रश्न असतात : तुझ्यावर काय आरोप आहे, समोर बसलेले कोण, तुझा वकील कोणता आणि तो कशासाठी आहे, साक्षीदार खोटे बोलला तर तू काय करशील. कृत्याच्या वेळची मनःस्थिती तपासणे याहून खूप अवघड आहे, कारण डॉक्टर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मागे वळून पाहत असतात. कृत्याआधीचे दिवस, निवडलेली वेळ, बोललेले शब्द, नंतर पळाला की तिथेच बसून राहिला, हत्यार लपवले की कुणालाही दाखवले, हे सगळे ते पोलिसांचे कागद, आरोपी आणि घरचे यांच्याकडून जुळवतात. घरच्यांनी इथे गैरसोयीची माहितीही सांगावी. भावाशी जमिनीवरून वाद होता हे लपवले आणि ते आरोपपत्रात निघाले, तर बाकीचे सगळे संशयात येते. वाद असणे आणि आजार असणे या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात.

न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या तपासणीत सांगितलेले अहवालात जाते, हे आरोपीला आधी समजावून सांगितले पाहिजे. डॉक्टरांनी सांगितले नाही तर वकिलाने सांगावे. या तपासणीला नार्को चाचणी समजून घाबरू नये. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची तशी चाचणी संमतीविना करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात दिला आहे.

जामीन, तुरुंग आणि तुटणारा डोस

फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असलेले कलम म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचे ३६९. बचावाला असमर्थ ठरलेल्या आरोपीला रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल, आणि नातेवाईक किंवा मित्र जवळच्या ठिकाणी नियमित बाह्यरुग्ण उपचार करून घेण्याची व त्याला स्वतःला वा इतरांना इजा करू न देण्याची हमी देत असेल, तर गुन्हा एरवी अजामीनपात्र असला तरी न्यायालय त्याला सोडण्याचा आदेश देऊ शकते. अर्जात नुसते "काळजी घेऊ" असे लिहून भागत नाही. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, कोण घेऊन जाईल, रात्री घरात कोण असेल, ज्याला इजा झाली तो माणूस त्याच घरात आहे का आणि असल्यास आरोपी दुसरीकडे, उदाहरणार्थ मामाच्या गावी, राहू शकतो का, हे सविस्तर लिहावे. आणि झेपत नसेल तर हमी देऊ नये. थकलेल्या आईवडिलांनी लाजेपोटी दिलेली हमी सर्वांनाच धोक्यात घालते. अशा वेळी नियमित उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवण्याची मागणी करणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

जामीन झाला नाही तर कच्चा कैदी हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात किंवा जवळच्या उपकारागृहात जातो. भेटीत गोळ्या चोरून देण्याचा प्रयत्न करू नये. चिठ्ठीची प्रत तुरुंगाच्या डॉक्टरांना द्यावी आणि "चालू उपचार सुरू ठेवावेत व आरोपीला मनोविकारतज्ज्ञापुढे हजर करावे" असा आदेश न्यायालयाकडून घेऊन त्याची प्रत अधीक्षकांना पोचवावी. डॉक्टरांना तीन गोष्टी लेखी कळवाव्यात असा माझा आग्रह असतो. क्लोझापिन (भास-संशयावरचे औषध) चालू असेल तर शेवटची गोळी केव्हा घेतली, कारण दोन दिवसांहून अधिक खंड पडला तर जुना पूर्ण डोस एकदम सुरू करता येत नाही, लहान डोसपासून वाढवावा लागतो. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) चालू असेल तर रक्तातली पातळी शेवटची केव्हा तपासली, कारण उन्हाळ्यात पाणी कमी पडले किंवा जुलाब झाले की ती विषारी होऊ शकते. तिसरी गोष्ट विडीची. निपाणी भागात हे विशेष लागू आहे. विडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. रोज विड्यांचा कट्टा संपवणाऱ्या माणसाची विडी आत गेल्यावर अचानक सुटली, तर त्याच डोसाची रक्तातली पातळी चढते आणि तो दिवसभर गुंगीत पडून राहतो. मग तो "मुद्दाम उठत नाही" असा शेरा बसतो. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूचा नाही, त्यामुळे नुसती तंबाखू खाणाऱ्याला तो लागू नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १०३ वे कलम मानसिक आजारी कैद्याला तुरुंगाच्या वैद्यकीय विभागातील मनोविकार कक्षात, आणि तसा कक्ष नसल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या रुग्णालयात हलवण्याची तरतूद करते. तुरुंगाकडून दाद मिळत नसेल तर अर्ज थेट न्यायालयात करावा.

उपचार लागू पडू लागले की एक धोका वाढतो, आणि त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. भास ओसरतात, संशय मावळतो, आणि माणसाला पहिल्यांदा कळते की आपण काय केले. ज्या आईला राक्षसीण समजून त्याने वार केला, ती आई होती. या आठवड्यांत आत्महत्येचा धोका मोठा असतो. भेटीला गेल्यावर त्याने घरची वस्तू कुणाला तरी देऊन टाका असे सांगितले, वारंवार माफी मागितली, जेवण सोडले किंवा अचानक फार शांत झाला, तर त्याच दिवशी तुरुंगाच्या डॉक्टरांना लेखी कळवावे. भेटीत त्याला जाब विचारू नये, आणि "काही झाले नाही" असेही खोटे सांगू नये. "झाले ते फार वाईट झाले, तू आजारी होतास, आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहोत" एवढे बोलावे, आणि खरोखर जावे.

खटला आणि त्यानंतर

आरोपी बचावाला असमर्थ ठरला तर खटला उपचारांसाठी लांबणीवर पडतो. लांबणीवर पडलेला खटला विस्मरणात जाऊ शकतो, म्हणून ही तारीख कुटुंबाने धरून ठेवायची असते. आसामातल्या माचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली, मनोरुग्णालयात पाठवले गेले, आणि ते खटल्याविनाच २००५ साली बाहेर आले. दर तीन-चार महिन्यांनी ताजा वैद्यकीय अहवाल मागवावा असा अर्ज वकिलाकडून द्यावा, कारण माणूस सावरला की खटला पुन्हा सुरू होऊ शकतो.

भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम, जे पूर्वी दंडसंहितेचे ८४ वे होते, सांगते की मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदेशीर आहे हे कळण्यास जो त्या क्षणी असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. निदानाची चिठ्ठी इथे पुरत नाही, त्या क्षणीची असमर्थता दाखवावी लागते. ते दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण सरकारी पक्षावर असतो तितका जड नसतो; संभाव्यतेचे पारडे झुकले तरी पुरते, आणि या पुराव्याने गुन्ह्याच्या हेतूविषयीच रास्त संशय उभा राहिला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली डाह्याभाई ठक्कर प्रकरणात स्पष्ट केले. तपासात आधीच्या आजाराची माहिती मिळाली तर आरोपीची ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून घेणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असेही त्याच न्यायालयाने २००७ साली राजस्थानातल्या एका खटल्यात म्हटले आहे. पहिल्या दिवशी दिलेल्या लेखी अर्जाची पोच इथे उपयोगी पडते. स्वतःहून केलेल्या नशेला मात्र हा बचाव मिळत नाही.

या कारणाने निर्दोष ठरलेला माणूस त्याच संध्याकाळी घरी येतो असे नाही. कृत्य त्याने केले की नाही हे निकालात स्पष्ट लिहिले जाते. केले असेल तर न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या ताब्यात देण्याचा आदेश देते. नातेवाइकाने त्यासाठी निकालाआधीच तयारी ठेवावी.

घरी आल्यावर गोळ्यांचा भरवसा नसेल तर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. राज्याच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत सहसा मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्याचा वार आणि वेळ आधी विचारून जावे, म्हणजे बसभाडे वाया जात नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येते. साखळीने बांधणे कायद्याने वर्ज्य आहे, आणि ते माणसाला अधिक भेदरवते. प्रत्येक इंजेक्शनानंतर पुढची तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने लिहावी आणि दवाखान्यातून आणलेली चिठ्ठी त्याच पिशवीत ठेवावी. झोप उडणे, ताट सारणे, भिंतीशी बोलणे यांतले काहीही सलग दोन रात्री दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याला घेऊन निघावे.